दारू पीत नसल्याचा दाखला

त्या सकाळी कामरगावच्या बस स्टँडवर मी खिशातला कंगवा काढून केस विंचरले नसते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. (रत्नमाला म्हणते, विंचरण्यासारखे केस तरी कुठे आहेत. ती माझी बायको आहे. तिला असं बोलायचा सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे.)

मी तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक लिपिक आहे. रोज नऊच्या एसटीने कारंज्याला जातो. म्हणजे एसटी आली तर जातो. त्या दिवशी ती पाऊण तास आली नव्हती आणि तिच्याऐवजी आला कॅमेरा.

आता मला बातम्यांचं वेड आहे, हे आधीच कबूल करतो. संध्याकाळी घरी आलो की बूट काढायच्या आधी रिमोट हातात. पण पंचवीस वर्षं बातम्या पाहणाऱ्या माणसाच्या मनात एक दुःख साठत जातं, ते असं की त्या बातम्यांत आपण कुठेच नसतो. हवामान सांगणारी बाई नकाशासमोर अशी उभी राहते की आमचा वाशिम जिल्हा बरोबर तिच्या कोपराखाली येतो. तिने हात हलवला तरच आम्हाला पाऊस कळतो. ‘शंभर बातम्या सुपरफास्ट’मध्ये आमचा नंबर असतो त्र्याऐंशीवा, आणि ‘वाशिम’ ऐकून मी मान वर करेपर्यंत चंद्रपूरचा वाघ आलेला असतो. उरलेला वेळ नऊ चौकटींत बसलेली नऊ माणसं एकमेकांवर ओरडतात आणि ‘आताची सर्वात मोठी बातमी’ दर दहा मिनिटांनी आणखी मोठी होते.

तर कॅमेरा दिसला आणि मी केस विंचरले. कॅमेऱ्यामागे फुलचंद होता. हा आमच्या तालुक्याचा पत्रकार. झेरॉक्सचं दुकान चालवता चालवता एका चॅनलला बातम्या पाठवतो.

‘‘दादा, तुमी बरे सापडले,’’ तो म्हणाला. ‘‘एसटीची वाट पाहू पाहू मानूस कसा थकते, ते दाखवाचं हाय. जरासे थकून दाखवा.’’

थकून दाखवा असं सांगणारा माणूस मला एवढ्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच भेटला होता. मी जीव ओतला. भिंतीला टेकून खाली बसलो, पाय पसरले, मान एका खांद्यावर टाकली, डोळे मिटले, तोंड थोडं उघडं ठेवलं. पाण्याची बाटली हातभर अंतरावर ठेवली, कारण फ्रेममध्ये काहीतरी हवं, असं मला वाटलं. अंगात नवाकोरा गुलाबी चौकड्यांचा शर्ट होता आणि खिशाला कचेरीचा पास.

‘‘लय नॅचरल आलं, दादा,’’ फुलचंद म्हणाला. मी दिवसभर कचेरीत कोणाशी धड बोललो नाही. कलावंताचं असं होतं.

संध्याकाळी सातच्या बातम्यांत मी चार सेकंद होतो. त्याआधी मी त्रेचाळीस जणांना फोन करून टीव्ही लावायला सांगितलं होतं. त्यातला एक फोन मी रिसोडला केला, इंद्रभान यांना. इथे माझी मती फिरली होती, असं आता म्हणता येईल.

हे इंद्रभान म्हणजे माझे होऊ घातलेले व्याही. आमची पौर्णिमा नर्स आहे आणि त्यांचा अनुप रिसोडला शाळेत शिकवतो. दोघांनी एकमेकांना पाहिलं, पसंत केलं, आणि आमच्या पोरीने आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीवर माझ्याशी वाद न घालता ‘हो बाबा’ म्हटलं. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली. हुंडा नको, सोनं नको, मानपान नको. एकच अट, आणि ती घातली होती गोमतीबाईंनी. या अनुपच्या मोठ्या आई, म्हणजे थोरल्या काकू. त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे इंद्रभानच्या थोरल्या भावाला, दारूने नेलं. त्यानंतर अनुपला त्यांनीच वाढवलं, त्यामुळे त्या घरात त्यांचा शब्द चालतो. पहिल्याच भेटीत त्यांनी चहाचा कप बशीत ठेवून मला सांगितलं होतं, ‘‘भाऊ, आमाले काईच नको. फक्त पोरीच्या माहेरी कोनी पेनारं नसावं. मले आता त्या वासाच्या घरात पाय ठेवता येत नाई.’’

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, ‘‘बाई, मी जन्मात थेंब घेतला नाई.’’ आणि ते खरं आहे. एकदा खोकल्याचं औषध दोन चमचे जास्त झालं होतं, तेव्हासुद्धा मी घाबरून डॉक्टरकडे गेलो होतो.

साक्षगंध रविवारी. त्याच्या आधीच्या सोमवारी संध्याकाळी साडेसातला मी चहा पीत टीव्हीसमोर बसलो होतो. पडद्यावर काळं झालं, ढोल वाजले, लाल अक्षरं आली: ‘बनावट दारूचा विळखा. विशेष मालिका. भाग पहिला.’ मागून एक जण खोल आवाजात म्हणाला, ‘‘उद्ध्वस्त होणारी गावं...’’ आणि पडद्यावर मी. भिंतीला टेकलेला. मान पडलेली. तोंड उघडं. शेजारी बाटली.

चहा शर्टावर सांडला. शर्ट तोच होता.

‘‘हे तं तुमी हाय,’’ रत्नमाला म्हणाली.

‘‘मी नाही. म्हणजे मीच आहे, पण मी नाही.’’

‘‘मंग डोयावर ते काय लावलं?’’

माझ्या डोळ्यांवर त्यांनी धुक्यासारखी पट्टी टाकली होती. ओळख लपवायला. मी तुम्हाला विचारतो, उघड्या डोळ्यांचा माणूस टीव्हीवर कोणीही असू शकतो, मंत्री, प्रवासी, विजेता शेतकरी. पण डोळ्यांवर धुकं टाकलेला माणूस कधी निर्दोष पाहिलाय? आणि धुकं फक्त डोळ्यांवर. नाक, टक्कल, गुलाबी चौकडे, सगळं लख्ख. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘संग्रहित’ असं लिहिलं होतं. ते वाचायला मला टीव्हीला नाक लावावं लागलं.

वाईट बातमी पुढेच होती. मालिका सात भागांची. रोज साडेसातला. शेवटचा भाग रविवारी. आणि मी कुठल्या एका भागात नव्हतो, मी शीर्षकात होतो. ढोल, लाल अक्षरं, मी.

पौर्णिमा ड्युटीवरून आली तेव्हा तिला सांगितलं. ती पलंगावर बसली आणि मोबाईल उलटा करून ठेवला. तिचं रागावणं मला सवयीचं आहे, तिचं गप्प राहणं नाही.

मी चॅनलला फोन लावला. जाहिरातीसाठी एक दाबा, बातमी देण्यासाठी दोन दाबा, म्हणे. बातमी परत घेण्यासाठी काय दाबायचं, ते त्यांनी ठरवलेलंच नव्हतं. मी दोन दाबलं, तर एका मुलीने विचारलं, ‘‘सर, आपल्याकडे घटनेचा व्हिडिओ आहे का?’’ मी म्हणालो, ‘‘व्हिडिओ तुमच्याकडेच आहे, तीच घटना आहे.’’ तिने फोन ठेवला.

मंगळवारी फुलचंदच्या झेरॉक्सवर गेलो.

‘‘दादा, मी तं एसटीची बातमी पाठवली होती,’’ तो म्हणाला. ‘‘ते मुंबईवाले काय, गोदामातून काढतात आन् लावतात. तुमचं लयच नॅचरल आलं ना, म्हनून त्यायले आवडलं. आजपासून तुमाले अपघाताच्या बातमीतही घेनार होते, मीच नाई म्हटलं.’’

‘‘तुझे उपकार. आता हे बंद कर.’’

‘‘माह्या हातात काय हाय? वाशिमात याच्याहून मोठं काई झालं तं ते लावतील.’’

मी रस्त्यावर उभा राहून माझ्या स्वतःच्या जिल्ह्यात काहीतरी मोठं व्हावं अशी इच्छा करत होतो. माणूस कुठवर घसरतो पहा.

आता प्रश्न एकच होता. रिसोडला हे दिसता कामा नये. साडेसात ते आठ इंद्रभानना टीव्हीपासून लांब ठेवायचं, आणि त्याचा सर्वात सोपा उपाय म्हणजे त्यांना फोनवर धरून ठेवायचं. मंगळवारी बरोबर सात एकोणतीसला मी फोन लावला.

‘‘जय भीम, इवाई.’’ (व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात.)

‘‘जय भीम, जय भीम. बोला.’’

‘‘काही नाही, सहजच. तिकडं पाऊस?’’

‘‘नाई.’’

‘‘सोयाबीन?’’

‘‘हाय.’’

इंद्रभान कमी बोलणारे. अर्धा तास भरायचा सगळा बोजा माझ्यावर आला. मी रिसोडच्या बाजारातल्या भावांपासून आमच्या कचेरीतल्या पंख्यापर्यंत आलो, मग माझ्या लहानपणी विहिरीत पडलेली बकरी काढली. आठला दोन मिनिटं कमी असताना ती बकरी वर आली. बुधवारी मी सोयाबीन पुन्हा विचारलं. गुरुवारी बोलण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, तेव्हा मी म्हणालो, ‘‘इवाई, तुमी लय चांगले मानसं हायत. लय चांगले.’’ आणि हे मी तीन वेळा म्हणालो, कारण घड्याळात अजून सात मिनिटं होती.

पलीकडून मला गोमतीबाईंचा आवाज ऐकू आला. त्यांना वाटलं असेल फोनवर ऐकू जात नाही. ‘‘इंद्रभान, रोज याच टाइमाले कायले फोन करून राह्यला हा मानूस? पेलेला तं नाई?’’

मी फोन ठेवला. घाईत शेजारचा पाण्याचा पेला कलंडला. (तेही त्यांनी पाहिलं असतं तर पुरावाच झाला असता.)

रात्रभर नव्हे, पण जेवण होईपर्यंत मी विचार केला, आणि माझ्या नोकरीनेच मला मार्ग दाखवला. माझ्या कचेरीत माणूस जिवंत समोर उभा असला तरी आम्ही त्याच्याकडे हयातीचा दाखला मागतो. कागद म्हणजे सत्य, बाकी सगळ्या गप्पा. टीव्हीने मला दारुडा म्हटलं असेल, तर मी गोल शिक्क्यानिशी दारुडा नसल्याचं सिद्ध करीन. शुक्रवारी मी रजा टाकली.

ग्रामपंचायतीतल्या बाबूने रजिस्टर चाळून सांगितलं, ‘‘रहिवासी हाय, शौचालय वापरते याचा हाय, पन पेत नाई याचा नमुना नाई.’’ मी म्हणालो, नमुना मी करतो. आवक-जावक लिपिकाला नमुना करणं म्हणजे डाव्या हाताचा मळ. ‘दाखला देण्यात येतो की, सदर इसम आजतागायत दारू अगर तत्सम पदार्थ पीत असल्याचे निदर्शनास आलेले नाही.’ त्याने शेवटी स्वतःच्या हाताने जोडलं, ‘अर्जदाराच्या सांगण्यावरून.’ शिक्का मात्र गोल मिळाला.

नंतर गावातल्या दारूबंदी महिला समितीच्या बेबीबाई. त्या सोयाबीन वाळवत होत्या.

‘‘तुमी पेत नाई हे मले काय मालूम?’’ त्या म्हणाल्या. ‘‘पेनारे आमाले मालूम हायेत. त्यायची यादी हाय. न पेनाऱ्यायची यादी कोन ठेवते?’’

‘‘मग माझं नाव त्या यादीत नाही, असं द्या.’’

‘‘टीव्हीत तं दिसून राह्यले रोज.’’

शेवटी त्यांनी मला घरी पाठवलं आणि बायकोचा जबाब आणायला सांगितलं. रत्नमाला हात पुसत आली, बेबीबाईंसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘नाई पेत. पेले असते तं निदान एखाद्या दिवशी मनातलं बोलले असते.’’ बेबीबाईंनी हसत सही केली. शनिवारी सरकारी दवाखान्यातून तपासणीचा कागद आणला. तिन्ही कागदांच्या साक्षांकित प्रती काढल्या, फाईलला लाल नाडा बांधला. पौर्णिमा फाईलकडे पाहत म्हणाली, ‘‘बाबा, तुमी काईच नका करू. तुमाले माही शपत हाय.’’ मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला कचेरीचा अनुभव नाही.

रविवारी जीप आली. इंद्रभान, अनुप, गोमतीबाई आणि पाच-सहा नातेवाईक. मी टीव्हीवर चादर टाकून त्यावर फुलांची कुंडी ठेवली होती. पाहुणे आत येताना त्या चादरीकडे पाहत होते, मी पाहुण्यांकडे पाहत होतो, आणि पौर्णिमा माझ्याकडे. गोमतीबाई दारात क्षणभर थांबल्या. मला वाटलं, वास घेतला.

बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या प्रतिमेला हार झाले, मेणबत्त्या लागल्या, सगळे हात जोडून उभे राहिले. त्रिशरण झालं. पंचशील सुरू झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं. मला समोरून पाचवं येताना दिसत होतं. लहानपणापासून हजार वेळा म्हटलेलं, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं ते शील. चौथं संपलं आणि मला वाटलं, आता सगळं घर माझ्या तोंडाकडे पाहणार. हळू म्हटलं तर मनात चोर आहे म्हणतील. म्हणून मी ‘सुरामेरय’ असं म्हणालो की मेणबत्ती विझली. बाकीचे थांबले. उरलेलं अख्खं पाचवं शील मी एकट्याने म्हटलं, शेवटी आवाज फाटला, आणि लोक खरोखरच माझ्या तोंडाकडे पाहू लागले.

‘‘बसा, इवाई,’’ इंद्रभान म्हणाले. ‘‘तब्येत बरी हाय ना?’’

मग माझ्याने राहवलं नाही. मी कपाटातून फाईल काढली आणि नाडा सोडला.

‘‘टीव्हीत जो दिसतो तो मीच आहे,’’ मी म्हणालो. ‘‘पण मी पेलेला नाही. हे तीन दाखले. मूळ प्रतीसुद्धा आहेत.’’

इंद्रभाननी गोमतीबाईंकडे पाहिलं, गोमतीबाईंनी अनुपकडे.

‘‘कोनत्या टीव्हीत?’’ इंद्रभान म्हणाले.

‘‘बनावट दारू. रोज साडेसात. तुम्ही पाहिलं नाही?’’

‘‘आमी बातम्या पाह्यत नाई, भाऊ. दोन वर्सं झाले. बातम्या लावल्या का माहं बीपी वाढते, म्हनून वैनीनं त्या बंद केल्या. काय झालं तं बाजारात समजते. मागं तुमी लावा म्हटलं म्हनून लावलं होतं, तं अर्धा घंटा निरा जाहिराती चालल्या आन् लाइन गेली.’’

म्हणजे रिसोडमध्ये कोणाला काहीच माहीत नव्हतं. मी तीन दिवस त्यांना ज्या टीव्हीपासून वाचवत होतो, तो बंदच होता. पौर्णिमाने खाली मान घातली आणि तिच्या पापणीवरून एक थेंब ओढणीवर पडलेला मला दिसला. त्या क्षणी मला कोणी दारू दिली असती तर मी प्यालो असतो.

गोमतीबाईंनी हात पुढे केला. ‘‘आना ते कागद.’’ त्यांनी चष्मा लावला आणि तिन्ही दाखले शिक्क्यासकट वाचले. ‘‘जो पेत नाई तो दाखला काढते का, भाऊ? मी आजपर्यंत पाह्यला नाई.’’ मग त्या अनुपला म्हणाल्या, ‘‘ते काय हाय टीव्हीतलं, दाखव मले.’’

अनुपने मोबाईलवर शोधलं. ढोल वाजले. गोमतीबाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

‘‘हे तुमी? डोये तं दिसत नाई.’’

‘‘मीच आहे,’’ मी म्हणालो. ‘‘शर्ट पहा, हाच.’’ (मी साक्षगंधालाही तोच घातला होता, कारण तोच नवा होता.)

त्यांनी ते चार सेकंद पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा. तिसऱ्यांदा पाहताना त्यांचा चेहरा बदलला. त्या मोबाईल पाहत होत्या, पण मोबाईलच्या पलीकडचं काहीतरी त्यांना दिसत होतं.

‘‘हा पेलेला मानूस नाई,’’ त्या म्हणाल्या.

अनुपने मोबाईल घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी तो सोडला नाही.

‘‘बावीस वर्सं पाह्यला मी असा मानूस. अंगनात, रस्त्यात, मोरीजवळ. पेलेला कुठंही पडला तरी बाटली दूर नाई ठेवत. झोपीत बी पोटाशी धरते, लेकरावानी. मी बोटं उघडून काढत होती, तं बोटं उघडत नव्हते.’’ त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. ‘‘या मानसानं बाटली कशी हातभर दूर ठेवली, नीट उभी करून. झाकन बी लावेल हाय.’’

पौर्णिमा उठून त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या पायाशी बसली. गोमतीबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘‘तुह्या बाबाले समजाव, पोरी. बोलाचं असन तं बोलावं, कागद कायले?’’ मी कागद गोळा करून परत फाईलमध्ये ठेवले.

साखर वाटली गेली, अंगठ्या झाल्या, इंद्रभाननी मला मिठी मारली. मला वाटलं, संपलं. मी इतका हलका झालो की धीर करून विचारलं, ‘‘बाई, मग आता तुमच्या मनात काही शंका नाही ना?’’

‘‘पेन्याची नाई,’’ गोमतीबाई म्हणाल्या. त्यांनी मोबाईल पुन्हा उघडला होता. ‘‘पन हे सकाळचं ऊन हाय. खिशाले हापिसचा पास लटकून राह्यला. अशी मान टाकून, तोंड उघडं ठेवून झोपाले रोजची सवय लागते, भाऊ. एका दिवसात जमत नाई. पेलेला नाई हा, आळशी हाय. त्याचं आमाले काई नाई. फक्त कोनी तसं लिहून द्या, म्हंजे आमच्या लोकायले दाखवता येईन.’’

मी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे रत्नमालाकडे पाहत होते. तिने माझ्याच फाईलमधला कोरा कागद घेतला, माझ्याच खिशातलं पेन काढलं, आणि एकही खाडाखोड न करता पानभर लिहिलं. साक्षीदार म्हणून पौर्णिमाने सही केली. आवक क्रमांक मला टाकायला लावला.